फाटक्या घोंगडीची साक्ष

अक्कलकोटच्या रस्त्यानं सोलापुरात शिरताना, गाव सुरू व्हायच्या आधी उजव्या हाताला धनगरांची दहा-बारा खोपटं होती. त्यातल्या शेवटच्या खोपटात फुलाबाई राहायची. उंच, काटक, कपाळावर गोंदण आणि आवाज असा की हिनं खोपटातनं हाळी दिली की गिरणीच्या भोंग्याला लाज वाटावी. तोंडानं फटकळ होती, आणि मनानंही काही लोणी नव्हती. उगाच खोटं कशाला सांगा? मेंढराला हात लावणाऱ्याला ती आईबापासकट उद्धरायची आणि त्याच दमात त्याला भाकर खायलाही बसवायची.

नवरा धुळाप्पा हिच्या बरोबर उलटा. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर लई झालं. मेंढरं राखायचा, कातरायचा आणि उरलेल्या वेळात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणायचा. काठाला दोन काळ्या पट्ट्यांच्या मधून पांढऱ्या लोकरीचा एकच दोरा काढायचा, ही त्याची निशाणी. मंगळवारच्या बाजारात लोक काठ बघून घोंगडी उचलायचे, किंमत नंतर विचारायचे. या माणसाला एकच खोड होती. फाटकं त्याला बघवत नसे. मुंडाशात दाभण खोचलेलं असायचंच. जत्रेत कुणाच्या खांद्यावर विरलेली घोंगडी दिसली की हा त्या अनोळखी माणसाला थांबवायचा, झाडाखाली बसवायचा आणि फुकटात शिवून द्यायचा. फुलाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "ह्यास्नी सरणावर निजवलं आन् शेजारी कुनाचं फाटकं दिसलं तर उठून बसत्याल," असं ती साऱ्या वस्तीत सांगत फिरायची.

एकोणीसशे चौतीस साल संपत आलेलं. मार्गशीर्षातली दुपार कलली होती. दोघं साठ मेंढरं घेऊन कुंभारीकडून घराकडं येत होती. धुळाप्पा पुढं, फुलाबाई मागं, तिच्या काखेत दोन दिवसांचं कोकरू. समोर सूर्य डोळ्यांत. मागनं, दुधनीच्या बाजूनं मोटार आली. फुलाबाईनं हाळी दिली, मेंढरं कडेला पांगली. पण एक खुळी मेंढी माघारी रस्त्यावर धावली आणि धुळाप्पा तिच्यामागं धावला. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला की नाही देव जाणे. धाडकन आवाज झाला. धुळाप्पा कमरेत धडक बसून बांधावर उडून पडला. खांद्यावरची घोंगडी मोटारीच्या दिव्याच्या लोखंडात अडकली, टर्रकन फाटली आणि मोटारीबरोबरच निघून गेली. मोटार थोडी मंदावली. फुलाबाईला वाटलं, आता थांबंल, माणूस उतरंल. कसचं काय! धूळ उडवत ती जी गेली ती सोलापूरच्या दिशेनं दिसेनाशी झाली. मेंढी मात्र धडधाकट उभी राहून बघत होती.

धुळाप्पा जिवंत होता. त्याच्या उजव्या मुठीत घोंगडीचा वीतभर तुकडा तेवढा राहिला होता. बेशुद्धीतही मूठ सुटली नव्हती.

चौकीवर पंचनामा झाला. हवालदारानं नवऱ्याचं नाव विचारलं तर फुलाबाई गप्प. नवऱ्याचं नाव बाईनं कसं घ्यायचं? शेवटी शेजारची काशम्मा सोबत आली होती, तिनं सांगितलं. मग फौजदारसाहेबांनी विचारलं, "मोटारीचा नंबर काय होता?"

"कसला नंबर?"

"मागं पाटीवर लिहिलेला असतो बाई. मोटार तरी ओळखाल का?"

"सायेब, माजी साठच्या साठ मेंढरं म्या तोंडावरनं वळखती," फुलाबाई उसळून म्हणाली. "पर त्या मुडद्यानं तोंड कुटं दावलं? पाटच दावली की!"

फौजदार माणूस वाईट नव्हता. त्यानं तो तुकडा कागदाच्या पाकिटात घातला, लाखेची मोहोर लावली आणि ठेवून दिला. पुरावा मिळाला तर या, म्हणाला. पुरावा म्हणजे काय हे फुलाबाईनं बाहेर येऊन काशम्माला विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

हाडवैद्यानं पाय बांधला. दोन महिन्यांनी सोडला तेव्हा तो कमरेपासून वाकडा जुळलेला, नांगराच्या फाळासारखा बाहेर फेकलेला. धुळाप्पाला उभं राहता येईना. इस्पितळातल्या डॉक्टरनं पाय दाबून बघितला आणि फुलाबाईला बाहेर बोलावून सांगितलं, "पावसाळ्याच्या आत मिरजेला न्या. तिथं हाड पुन्हा मोडून सरळ बसवतात. उशीर झाला की मग कुणालाच जमणार नाही. खर्च मात्र मोठा आहे." अर्धी मेंढरं विकली तरी तो खर्च भागणार नव्हता, आणि मेंढरं विकली तर खायचं काय? मिरजेचं तिनं धुळाप्पाला सांगितलं, पण डॉक्टरनं घातलेली मुदत सांगितली नाही. तो तसाही बोलायचा बंद झाला होता. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. माग तसाच उघडा पडलेला, आडवं सूत फिरवायच्या धोट्यावर कोळ्यानं जाळं धरलेलं. ज्या माणसाला फाटकं बघवत नव्हतं, त्याच्या स्वतःच्या अंगरख्याची बाही उसवली होती आणि त्याचं त्याला काही नव्हतं. हे बघून फुलाबाईच्या काळजाचं पाणी व्हायचं.

शुक्रवार पेठेत एक वकील राहायचे. त्यांच्या वडिलांपासून त्या घरात धुळाप्पाच्या घोंगड्या. फुलाबाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोटार कुणाची हे सिद्ध झालं तर भरपाई मागता येते. मालकाकडून पायाचा खर्च निघेल. फी मी घेत नाही. पण पुरावा हवा. ती घोंगडी मिळेल का?"

"घोंगडीचं काय हो सायेब?"

"भाकरीचे दोन तुकडे कसे एकमेकाला जुळतात? तसा चौकीतला तुकडा त्या घोंगडीच्या भोकाला जुळायला पाहिजे. जुळला की कुणाचा बाप आला तरी नाही म्हणू शकणार नाही."

झालं. त्या दिवसापासून फुलाबाईच्या डोक्यात भुंगा शिरला. मोटार गावाकडं गेली होती, म्हणजे मालक गावातलाच. सोलापुरात मोटारी असून असून किती? पंचवीस-तीस. पण बंगल्याच्या फाटकातनं धनगराच्या बाईला आत कोण घेणार? मग तिनं युक्ती काढली. पावसाच्या आधी सगळे जुन्या घोंगड्या बाहेर काढतात, उसवलं-फाटलं नीट करून घेतात. फाल्गुनापासून फुलाबाई डोक्यावर लोकरीचं गठुडं घेऊन बंगल्या-बंगल्यापुढं हिंडायला लागली. "जुनी घोंगडी शिवून द्यायची हाय का? कुनाची जुनी घोंगडीऽऽ!" सकाळी मेंढरं वस्तीतल्या पोरींवर सोडायची, उन्हं चढेपर्यंत हिंडायचं. ज्या दारात मोटार उभी तिथं तिचा आवाज दुप्पट. माळ्यांनी हाकललं, कुत्री अंगावर आली, एका बाईसाहेबानं तर पाणी मागितलं म्हणून नळाकडं बोट दाखवलं. फुलाबाईनं शिव्या गिळल्या. आयुष्यात गिळल्या नव्हत्या एवढ्या शिव्या त्या तीन महिन्यांत गिळल्या.

वैशाखात, रेल्वेच्या पलीकडं एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यामागं, गाडीवानांच्या खोल्यांतनं एक बाई बाहेर आली. "बर्री अक्का, या, सावलीत बसा," म्हणाली. तिचं नाव सिद्धम्मा. नवरा धोंडप्पा मालकाची मोटार हाकायचा. सिद्धम्मानं न मागता ताक दिलं आणि आतनं एक घोंगडी आणून पुढ्यात टाकली. "ही शिवून होतंय का बघा की. चांगली हाय, पर फाटलीया. आमच्यांनी कुठनं आणली काय म्हाईत."

फुलाबाईच्या हातातलं ताक सांडलं.

काठाचा पांढरा दोरा तिनं नंतर बघितला. आधी हातानंच ओळखलं. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, तिला जावळ म्हणतात, रेशमासारखी मऊ. धुळाप्पानं आयुष्यात जावळाची एकच घोंगडी स्वतःसाठी ठेवली होती, आणि तिचं सूत फुलाबाईनं कातलं होतं. एका कडेला वीतभर भोक, काठासकट गेलेलं. भोकाभोवती मोटारीच्या तेलाचा काळा डाग.

"दोन-चार दिस लागतील," ती कशीबशी म्हणाली.

"घ्या की. घाई न्हाई," सिद्धम्मा म्हणाली आणि पेल्यात पुन्हा ताक ओतलं. फुलाबाईनं पेला तसाच खाली ठेवला. या बाईचा नवरा उद्या तुरुंगात जाईल आणि आपण तिच्याच हातचं पितोय. पण दुसऱ्या डोळ्यापुढं भिंतीकडं तोंड केलेला धुळाप्पा होता. ती उठली आणि थेट शुक्रवार पेठ गाठली.

वकिलांनी घोंगडी बघितली आणि खुर्चीतनं उठलेच. "शाब्बास बाई! फौजदार दौऱ्यावर गेलेत, सोमवारी येतात. सोमवारी सकाळी चौकीवर घेऊन या. जपून ठेवा हां."

शुक्रवार होता तो. पंचाईत अशी, की शनिवार-रविवार कुंभारीच्या एका शेतकऱ्याकडं मेंढरं बसवायचा शब्द दिलेला. पेरणीआधी रात्रभर मेंढरं शेतात बसली की जमिनीला खत होतं, आणि धनगराला धान्य मिळतं. शब्द मोडला तर पुढच्या साली कोण बोलावणार? फुलाबाईनं घोंगडी धुळाप्पाच्या बाजेवर ठेवली.

"ही बगा. गावली."

धुळाप्पानं तोंड भिंतीकडनं फिरवलं. किती दिवसांनी! घोंगडीवर हात ठेवला, काठ चाचपला, भोकात बोटं घातली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"सोमवारी सायबाम्होरं न्यायची हाय," फुलाबाई म्हणाली. "मोटे मोटे सायेब बगनार हैत. तुमची निशानी काटाला हाय, त्यावरनं सगळं ठरनार. हिच्यावरच आपली भरपाई. जपून ठिवा."

"व्हय," धुळाप्पा म्हणाला.

हात लावू नका, असं ती म्हणाली नाही. ज्याची घोंगडी त्यालाच हात लावू नका असं कोण सांगतं? पुढं म्हातारपणी ती हे सांगायची आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची.

सोमवारी सकाळी मेंढरं घेऊन ती परत आली, तर धुळाप्पा बाजेवर उठून बसलेला. दाढी केलेली, बाही शिवलेली. मांडीवर धोतराच्या पानात बांधलेलं गाठोडं. चेहऱ्यावर असं काही तरी होतं की फुलाबाईला वाटलं, घोंगडी सापडली या आनंदानंच माणूस उठला. गाठोड्याला तिनं हात घातला तर म्हणाला, "हितं उगडू नगस. सायबाम्होरंच उगड." आणि हसला. फुलाबाईला घाई होती. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली.

चौकीवर वकील आधीच येऊन बसले होते. फौजदारांनी धोंडप्पाला बोलावून घेतलं होतं. तिशीचा माणूस, तोंडावर रक्त म्हणून नव्हतं. फौजदारांनी पाकिटाची मोहोर फोडली. तुकडा टेबलावर ठेवला. "उघडा बाई," म्हणाले.

फुलाबाईनं गाठ सोडली. नव्या घोंगडीला देतात त्या चिंचोक्याच्या खळीचा ताजा वास आला.

घोंगडी टेबलभर पसरली. कोरी करकरीत. तेलाचा डाग नाही. भोक नाही. काठाची पट्टी सलग, पांढरा दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. फौजदारांनी इकडनं बघितली, तिकडनं बघितली, उजेडाला धरली. वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "बाई, भोक कुठाय?"

फुलाबाई बोटांनी काठ चाचपत होती. तिला तरी कुठं सापडतंय! घरच्या मडक्यात त्याच जावळाच्या सुताची एक गुंडी उरलेली होती. तिच्या लक्षात आलं. त्याच सुतानं दोन दिवस आणि दोन रात्री बसून त्यानं भोक विणून काढलं होतं. डाग रिठ्यानं धुतला होता. काशम्माकडनं चिंचोके वाटून घेऊन खळ दिली होती, उन्हात वाळवली होती. मोठे मोठे साहेब बघणार. त्यांच्यापुढं आपली निशाणी फाटकी कशी पाठवायची? माणूस मरतामरता वाचला, पण खोड काही मेली नव्हती!

"माज्या मालकानं शिवली," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "हितंच व्हतं भोक. वकीलसायबानं बगितलंय की!"

वकिलांनी सांगितलं, बघितलंय. फौजदार म्हणाले, "साहेब, तुम्ही अर्जदाराचे वकील. तुमची साक्ष कशी धरू?" मग धोंडप्पाकडं वळून, "ही घोंगडी तुझ्याकडं कुठनं आली?"

धोंडप्पा घोंगडीकडं बघत होता. त्याच्या तोंडावर हळूहळू रक्त परत येत होतं, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. "मंगळवारच्या बाजारात घेतली साहेब," तो म्हणाला. "असल्या काठाच्या शंभर विकत्यात ही माणसं. कुठं कुठं विरली होती, म्हणून बायकोनं हिच्याकडं शिवायला दिली."

फौजदारांनी तुकडा पुन्हा पाकिटात घातला. शेवटी म्हणाले, "बाई, मला कळतंय. पण कागदाला कळत नाही. ज्याची आहे त्याला देऊन टाका."

आपल्या हातानं कातलेल्या सुताची, नवऱ्याच्या हातची घोंगडी फुलाबाईनं घडी करून धोंडप्पाच्या हातात दिली. वकील निघून गेले. पायऱ्या उतरताना धोंडप्पा मागनं आला. मान खाली घालून त्यानं चार आणे पुढं केले. "अक्का, शिवल्याचे," एवढंच म्हणाला आणि वळला.

फुलाबाईनं ते त्याच्या टाळक्यात मारायला मूठ उगारली होती. मूठ तशीच राहिली. सोलापूरच्या कुठल्या साहेबाला, वकिलाला, फौजदाराला जोड सापडू नये असं काम होतं ते, आणि हे त्या कामाचे पैसे होते. तिनं ते पदराला बांधले. त्या मोटारीकडनं धुळाप्पाला आयुष्यात तेवढंच मिळालं.

घरापर्यंतच्या वाटेवर तिचं तोंड सुटलं. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. "गाढवाचा जल्म! लोकांची भोकं बुजवता बुजवता सोताच्या पायाची वाट लावली! आज दुसरा पायबी म्या मोडती. न्हाय मोडला तर नावाची फुलाबाई न्हाय!" ती बोलत होती आणि रडत होती, आणि कुणाला तरी मारावं असं तिला वाटत होतं.

खोपटाच्या दारात पोचली तर बाज रिकामी. आतनं खट्-खट् आवाज येत होता. धुळाप्पा सरपटत मागापर्यंत गेला होता. चांगला पाय खड्ड्यात सोडलेला, वाकडा पाय बाहेर काठीसारखा पसरलेला. धोट्यावरचं जाळं झटकलेलं. पाच महिन्यांनी तो माग बोलत होता. तिला बघून त्यानं हात थांबवला.

"सायबानं बगितली?"

फुलाबाई उभी राहिली. वाटभर घोकलेलं सगळं तिच्या जिभेवर होतं.

"बगितली की."

"भोक गावलं का त्यास्नी?"

"न्हाय गावलं."

धुळाप्पा हसला. खांदे हलेपर्यंत हसला. "वकिलालाबी न्हाय?"

"वकिलालाबी न्हाय. मलाबी न्हाय." तिनं पदराची गाठ सोडली आणि चार आणे मागाच्या कडेला ठेवले. "ह्ये घ्या. तुमच्या कामाची मजुरी."

"मजुरीबी दिली सायबानं?" त्यानं नाणं उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, मुंडाशात खोचलं. मग धोटा हातात घेत म्हणाला, "मग मिरजेला कवा जायाचं?"

बाहेर वैशाखाचं ऊन होतं. पश्चिमेला ढगांची पहिली कड दिसत होती. दोन दिवस शेतात बसून आलेली मेंढरं तहानेनं ओरडत होती.

"सुगी झाली की जाऊ," फुलाबाई म्हणाली, आणि मेंढरांना पाणी दाखवायला बाहेर गेली.